वेगळा ट्रे, एकच टेबल

सिंगापूरला जाणारे आपले बहुतेक लोक मरिना बे, सेंटोसा आणि लिटल इंडिया पाहून परत येतात. टॅम्पिनीजला मुद्दाम कोणी जात नाही. शहराच्या पूर्वेला, विमानतळाजवळ असलेलं हे राहत्या वस्तीचं उपनगर. सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या उंच इमारती, मोकळे तळमजले, शाळा, दवाखाने, आणि एमआरटी स्टेशनला अगदी लागून तीन मॉल. त्यांतल्या एका मॉलच्या फूड कोर्टात आम्ही चौघी एका आठवड्यात पाच वेळा जेवलो. पर्यटनस्थळं पाहून झाली, फोटोही निघाले. पण घरी आल्यावर सांगावंसं वाटतं ते त्या जेवणांबद्दल.

चौघी म्हणजे मी, माझी आई, माझी शाळेपासूनची मैत्रीण आणि तिची लेक. आम्ही हैदराबादकर. मैत्रीण मुस्लिम, आमच्या काचीगुड्याच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे वाढलेली. तिची दखनी आणि आमची मराठी इतकी वर्षं शेजारी नांदली की तिच्या "नक्को"मध्ये आमचा "नको" आहे हे आम्हाला कोणी शिकवावं लागलं नाही. ती माझ्या आईला "काकू" म्हणते, आणि तिची लेक "आजी" म्हणते. या लेकीला मागच्या वर्षी सिंगापुरात नोकरी लागली. टॅम्पिनीजमध्ये एका घरात खोली भाड्याने घेऊन ती राहते. मैत्रिणीला एकच चिंता होती, ती तिने विमानातही दोनदा बोलून दाखवली : "पोरगी रोज खाती क्या, और किसके साथ खाती?" काय खाते याहून कोणाबरोबर खाते, हा प्रश्न तिला जास्त छळत होता.

लेकीने पहिल्याच संध्याकाळी आम्हाला फूड कोर्टात नेलं. म्हणाली, "माझं स्वयंपाकघर बघा."

या मॉलमधल्या खाण्याला "स्ट्रीट फूड" म्हणायचं, पण रस्ता कुठेच दिसत नाही. वर एसीचा गारवा, खाली चकचकीत फरशी, चारी बाजूंना दहा-पंधरा छोटे स्टॉल आणि मध्ये सगळ्यांची सामाईक टेबलं. हे सगळं रस्त्यावरून आत कसं आलं याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पूर्वी सिंगापुरात फेरीवाले रस्त्याच्या कडेलाच शिजवत असत. पाण्याची आणि सांडपाण्याची सोय नव्हती, गटारं तुंबत, साथी पसरत. साठच्या दशकाच्या शेवटी सरकारने फेरीवाल्यांची नोंदणी केली. १९७१ पासून १९८६ पर्यंत त्यांना टप्प्याटप्प्याने नळ, वीज आणि कचऱ्याची व्यवस्था असलेल्या छपराखालच्या बाजारांत नेलं. त्यांना तिथे हॉकर सेंटर म्हणतात. १९८५ मध्ये स्कॉट्स रोडवरच्या एका मॉलमध्ये पहिलं वातानुकूलित फूड कोर्ट सुरू झालं, आणि मग प्रत्येक मॉलमध्ये एक तरी आलंच. २०२० मध्ये युनेस्कोने सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा दिली. आपल्याकडे फेरीवाल्यांना "उठवतात" तेव्हा पुढे त्यांचं काय होतं ते आपण पाहतोच. तिथे उठवलं, पण दुसरीकडे बसवलंही, हा फरक मला मोठा वाटला.

तिथे गेल्यावर आधी जागा धरायची आणि मग खायला घ्यायला जायचं. जागा धरायची कशी? टेबलावर टिश्यू पेपरचं पाकीट ठेवायचं. तेवढ्यावर कोणी त्या टेबलाला हात लावत नाही. या प्रथेला तिथे "चोप" म्हणतात. आई हे बघून खूष झाली. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या पिढीतली ती. तिला हे समजावून सांगावं लागलं नाही.

मग सुरू झालं पाट्या वाचणं. आमच्यात दोघी जणी पाट्या वाचत होत्या, पण वेगवेगळ्या. मैत्रीण हिरव्या रंगाचं हलालचं चिन्ह शोधत होती आणि आई "व्हेजिटेरियन" शब्द. हैदराबादेत मैत्रिणीला हे शोधावं लागत नाही. तिथे बहुतेक दुकानांत मटण हलालच असतं, आणि कोणी विचारतही नाही. आईलाही घराजवळच्या उडपी हॉटेलात कधी पाटी वाचावी लागली नव्हती. सिंगापुरात मात्र दोघी सारख्याच नवख्या. एकीला दुसरीचा शोध इतक्या जवळून पहिल्यांदाच दिसत होता.

हलाल म्हणजे फक्त बकरा कापण्याची रीत, असं मलाही वाटायचं. लेकीने सांगितलं ते असं : डुकराचं मांस आणि त्याची चरबी चालत नाही, हे सर्वांना माहीत असतं. पण स्वयंपाकात घातलेली वाईन, मिठाईतलं जिलेटिन, सॉसमधला एखादा घटक, तळणीचं तेल आधी कशाला वापरलं, भांडी कोणती, हे सगळं त्यात येतं. सिंगापुरात हे प्रमाणपत्र "मजलिस उगामा इस्लाम सिंगापुरा" ही संस्था देते. तिला थोडक्यात मुइस म्हणतात. १९७८ पासून ती हे काम करते. फूड कोर्टात प्रत्येक स्टॉलला वेगळं प्रमाणपत्र असू शकतं, म्हणून एक स्टॉल हलाल आणि शेजारचा नाही, असं सहज घडतं. काही ठिकाणी फक्त "नो पोर्क, नो लार्ड" असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ डुकराचं मांस आणि चरबी नाही, एवढाच. ते हलाल आहे असा नाही. मैत्रीण अशा एका पाटीसमोर थांबली तेव्हा लेकीनेच तिला पुढे नेलं.

आईची अडचण आणखी वेगळी. हलाल स्टॉल म्हणजे शाकाहारी स्टॉल नव्हे, हे उघडच. पण मलय जेवणात जे दिसायला शाकाहारी असतं तेही बरेचदा तसं नसतं. तिथल्या सांबालमध्ये "बलाचान" असतो, म्हणजे आंबवलेल्या कोलंबीचा गोळा. नासी लमाक म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला भात, पण त्यावर "इकान बिलिस" ही तळलेली सुकी मासळी येतेच. आपल्या कोकणातल्या सुकटीची आठवण व्हावी अशी. नारळाच्या रसातली भाजी छान पिवळी दिसते, तिच्यातही सुकी कोलंबी असू शकते. तेव्हा तुमच्याबरोबर कोणी पक्के शाकाहारी असतील तर "मांस आहे का" एवढं विचारून भागत नाही. "मासळी, कोलंबी, अंडं" ही तिन्ही नावं घेऊन विचारा.

शेवटी आईचं जमलं ते चिनी बौद्ध पद्धतीच्या शाकाहारी स्टॉलवर. तिथे मांसमच्छी तर नसतेच, पण परंपरेने कांदा-लसूणही वर्ज्य. चातुर्मास पाळणाऱ्या आईला सातासमुद्रापार बिनकांद्याचं जेवण मिळालं. अडचण एकच होती, सोयाबीनपासून केलेले पदार्थ हुबेहूब कोंबडीसारखे आणि माशासारखे घडवलेले. "खोटं असलं तरी मला बघवत नाही," म्हणून तिने ते बाजूला ठेवायला लावलं आणि टोफू, कोबी, भात घेतला.

आम्ही बाकीच्या तिघींनी हलाल स्टॉलवरून घेतलं. मैत्रिणीने आयाम पन्येत घेतलं, म्हणजे तळून ठेचलेली कोंबडी आणि वर झणझणीत सांबाल. ही मूळची जावा बेटावरची. लेकीने मी गोरेंग, म्हणजे परतलेल्या शेवया. मी साते. काड्यांना लावून भाजलेले मांसाचे तुकडे, सोबत काकडी, कच्चा कांदा आणि शेंगदाण्याची दाट गोडसर चटणी. दाण्याच्या कुटाशिवाय ज्यांचं पान हलत नाही त्यांना ही चटणी परकी वाटणार नाही. ताटामागे साधारण ५ ते ८ डॉलर लागतात. रोटी पराटा नावाचा पापुद्र्यांचा पराठाही मिळतो. तो दक्षिण भारतीयांनी तिकडे नेला. त्याबरोबर मटणाचा किंवा माशाचा रस्सा येतो. मागितलं तर डाळ मिळते.

गोडाच्या स्टॉलवर मात्र आई आणि मैत्रीण एकाच रांगेत उभ्या राहिल्या. तिथे "पुतू पिरिंग" होतं. तांदळाच्या पिठीत ताडगूळ भरून वाफवलेली छोटी चकती, वर ओलं खोबरं. आईने एक घास घेतला आणि म्हणाली, "अगं, हा तर न वळलेला मोदक!" ताडगुळाला तिथे "गुला मलाका" म्हणतात, आणि तो "गुला" संस्कृतमधल्या गुडावरून आला आहे. आपलाही गूळ तिथलाच.

खरी गोष्ट जेवण झाल्यावर घडली. सिंगापुरात ट्रे आपणच उचलून ठेवायचा असतो. २०२१ मध्ये हॉकर सेंटरांत आणि २०२२ पासून फूड कोर्टांतही तो नियमच झाला, न पाळणाऱ्याला दंड होऊ शकतो. आम्ही ट्रे घेऊन गेलो तर तिथे दोन घडवंच्या होत्या. एकीवर "हलाल" आणि दुसरीवर "नॉन-हलाल". आमचे ट्रे आणि ताटल्या एका रंगाच्या, आईचा ट्रे दुसऱ्या रंगाचा. हलाल स्टॉलची भांडी वेगळी, ती परतही वेगळी ठेवायची आणि वेगळीच धुवायची.

आई हातात ट्रे धरून थांबली. थोडी हसली आणि मराठीतच म्हणाली, "म्हणजे इथेही सोवळं आहेच की. आपल्या घरी होतं तसं."

ती कशाबद्दल बोलत होती ते आम्हा दोघींना कळलं. काचीगुड्याच्या घरात माझ्या आजीने मैत्रिणीसाठी एक वेगळा कप ठेवलेला होता. पांढरा, निळ्या काठाचा. तो फडताळात नसे, मोरीच्या वरच्या कोनाड्यात असे. मैत्रीण शाळेतून माझ्याबरोबर आली की आई त्यात तिला चहा देई, आणि नंतर तो स्वतः विसळून परत कोनाड्यात ठेवी. आजी प्रेमळ होती. मैत्रिणीला ताप आला तर तुळशीचा काढा करून पाठवायची. पण कप वेगळाच. आजी गेली, घर बदललं, कप कुठे गेला कोणास ठाऊक. त्याबद्दल आमच्यात कधी एक शब्द झाला नव्हता.

मैत्रीण आईकडे वळून म्हणाली, "नक्को काकू, वैसा नक्को बोलो. वो कप मेरे से बचने कू था. ये ट्रे मेरे वास्ते है."

तिच्या आवाजात राग नव्हता. आईने मान हलवली, ट्रे तिच्या घडवंचीवर ठेवला आणि मैत्रिणीचा हात धरून एस्केलेटरकडे निघाली. त्या रात्री याबद्दल कोणी काही बोललं नाही. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. वेगळं भांडं दोन्हीकडे होतं. आमच्या घरी ते कोणाच्या सांगण्यावरून होतं, आणि इथे कोणाच्या? आमच्याकडे कप वेगळा होता आणि मैत्रीण बसायचीही वेगळीच, ओसरीवर. इथे ट्रे वेगळे होते आणि टेबल एकच. जिचा नियम तिला तो पाळता यावा आणि तरी सर्वांबरोबर बसता यावं, यासाठीच ती वेगळी घडवंची होती.

चौथ्या संध्याकाळी याची दुसरी बाजू दिसली, आणि या वेळी परीक्षा मैत्रिणीची होती. लेकीच्या ऑफिसातली एक चिनी सहकारी त्याच मॉलमध्ये आली होती. ती तिचा ट्रे घेऊन आमच्या टेबलाशी आली. ट्रेवर नूडल्स आणि वर डुकराच्या मांसाचे लालसर काप. ती बसण्याआधी थांबली आणि मैत्रिणीकडे पाहून इंग्रजीत विचारलं, "मी इथे बसले तर चालेल ना?" तिला काय विचारायचं हे माहीत होतं. लेकीने आईकडे पाहिलं. मैत्रीण आयुष्यात कधी त्या मांसासमोर बसून जेवली नव्हती. तिने आपली ताटली थोडी स्वतःकडे ओढली, समोरची जागा मोकळी केली आणि म्हणाली, "बैठो बेटा."

दोघी मुली ऑफिसच्या गप्पा मारत जेवल्या. लेक म्हणाली, दुपारी ऑफिसातले पाच-सहा जण असेच बसतात. एक तमिळ मुलगा शाकाहारी, एक मलय मुलगी हलाल खाणारी, बाकीचे चिनी. प्रत्येक जण आपापल्या स्टॉलवरून आणतो आणि एका टेबलाशी येतो. मैत्रिणीने हे सगळं ऐकून घेतलं. "किसके साथ खाती" या प्रश्नाचं उत्तर तिला समोर बसलेलं दिसत होतं. तिने तो प्रश्न परत विचारला नाही.

सिंगापुरात सगळं आपोआप गुण्यागोविंदाने चालतं, असं मात्र समजू नका. १९६४ मध्ये तिथे मलय आणि चिनी लोकांत दंगली झाल्या, माणसं मेली. त्या दंगली २१ जुलैला सुरू झाल्या. ती तारीख शाळांमधून वांशिक सलोखा दिन म्हणून पाळतात. १९८९ पासून सरकारी इमारतींमध्ये प्रत्येक समाजाला किती घरं विकत घेता येतील याच्या मर्यादा ठरवून दिल्या, म्हणजे एका समाजाची वेगळी वस्ती होऊ नये. या मर्यादांमुळे घर विकताना लोकांना अडचणीही येतात आणि ते कुरकुर करतात. लोकांनी शेजारी राहावं म्हणून तिथे नियम केले, भिंतींवर पाट्या लावल्या, घडवंच्या ठेवल्या. सलोखा तिथेही कोणाला तरी रोज मांडून ठेवावा लागतो.

आमच्या मुक्कामात एकादशी आली. आईला फळं हवी होती. कापलेल्या फळांचा स्टॉल एक मलय बाई चालवत होत्या. आई काही मसाला, मीठ घालू नका म्हणून खुणा करत होती. लेकीने मध्ये पडून एकच शब्द सांगितला : "पुआसा." बाईंचा चेहरा उजळला. रमजानच्या रोजाला मलय भाषेत पुआसा म्हणतात, आणि हा शब्द आपल्या "उपवास"वरूनच तिकडे गेलेला आहे. त्यांनी हातमोजे बदलले, नवी सुरी घेतली आणि पपई, पेरू कापून आईला दिले. पैसे घेतले तेवढेच, पण दोन फोडी जास्त घातल्या. आईने मागे वळून मैत्रिणीला विचारलं, "तुमच्या रोजाला आमचाच शब्द?" मैत्रीण म्हणाली, "हौ काकू, इधर तो है."

आता आपल्या मंडळाबद्दल थोडं. आपल्या खाद्यमेळ्याला दर वर्षी शेजारपाजारचे लोक येतात. तेलुगू, गुजराती, जैन, मुस्लिम, ख्रिस्ती. कितीजण स्टॉलसमोर उभे राहतात, संकोचाने काही विचारत नाहीत आणि सरबत पिऊन परत जातात, हे मी पाहिलं आहे. तुम्ही कॉलेजातली मुलं या वर्षी स्वयंसेवक असाल. तुमच्यासाठी एक काम सुचवते. प्रत्येक पदार्थासमोर एक छोटं कार्ड ठेवा : कांदा-लसूण आहे की नाही, अंडं आहे की नाही, शेंगदाणे आहेत की नाहीत, उपासाला चालेल की नाही. तेलुगूत आणि उर्दूतही लिहा. त्या भाषा लिहिणारे मित्र तुम्हाला आहेतच. मांसाहारी स्टॉल ठेवायचे की नाही ते कार्यकारिणी ठरवेल. ठेवले तर मटण हलाल आहे की नाही हेही कार्डावर असू द्या, आणि त्यांची भांडी, डाव, धुण्याची टाकी वेगळी ठेवा. शाकाहारींनाही तेच हवं असतं. टेबलं-खुर्च्या मात्र मैदानाच्या मध्यभागी, सर्वांना मिळून एकाच ठिकाणी मांडा.

उर्दू कार्डं लिहून द्यायला मैत्रीण तयार आहे. आईने तिच्या मागे लागून या वेळी तिला एक स्टॉलही घ्यायला लावला आहे, खट्टी दाळ आणि खुबानी का मीठा यांचा. दोन्ही शाकाहारी आहेत. खट्टी दाळीच्या फोडणीत लसूण असतो; आईने बजावलं आहे की तिच्यासाठी एक पातेलं फोडणी घालण्याआधी बाजूला काढून ठेवायचं, आणि त्यावर तसं कार्ड लावायचं.